स्कुबा शिकायला प्रवाळावर कशाला?

दिवाळीची सुट्टी आणि अंदमानातला डायव्हिंगचा हंगाम जवळपास एकाच सुमाराला सुरू होतात. सेल्युलर जेल पाहून झालं की स्वराज द्वीप गाठायचं, म्हणजे २०१८च्या अखेरीपर्यंत ज्याला सगळे हॅवलॉक म्हणत ते बेट, हा मराठी कुटुंबांच्या सहलीचा आता ठरलेला क्रम आहे. त्यातले काही हौशी तिथेच तीन-चार दिवस मुक्काम वाढवून स्कुबाचा प्रमाणपत्राचा कोर्स करतात. उबदार, नितळ पाणी, शेजारी प्रशिक्षक आणि समोर प्रवाळ असताना शिकायला याहून चांगली जागा कुठली, असं कुणालाही वाटेल. माझं मत उलट आहे. स्कुबाचे पहिले धडे पोहण्याच्या तलावात किंवा निव्वळ वाळूच्या तळावर गिरवावेत आणि अंगाला सवय झाली की मग प्रवाळाकडे जावं. हा निसर्गप्रेमाचा उपदेश वाटेल, पण माझा भर भौतिकशास्त्रावर आहे.

समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार पृष्ठभागावरची एक लिटर हवा १० मीटरवर अर्धा लिटर होते. पुढच्या १० मीटरमध्ये मात्र ती अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणजे मोठी उलथापालथ पहिल्या १० मीटरमध्येच होऊन जाते. डायव्हरच्या फुप्फुसांत हवा असते आणि बीसीडी नावाच्या जाकिटातही असते. तो जरासा वर सरकला की ती फुगते, फुगली की त्याला आणखी वर खेचते. खाली गेला की नेमकं उलटं. नवशिका घाबरून जाकिटाचं बटण दाबतो, परिणाम जाणवायला काही क्षण लागतात, तेवढ्यात तो पुन्हा दाबतो आणि कधी वर, कधी खाली भरकटतो. (श्वास कधीही रोखू नका, हा पहिला नियमही याच गणितातून आलेला आहे. १० मीटरवर छातीभर हवा घेऊन ती कोंडून वर आलं, तर फुप्फुस फाटू शकतं.) आता प्रवाळाचं पाहू. हा प्राणी आपल्या शरीरात सूक्ष्म शैवाल सांभाळतो आणि त्या शैवालाने सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नावर मुख्यतः जगतो. त्यामुळे त्याचा बहर उथळ, उजेडाच्या पाण्यात. नवशिक्याचा तोल ज्या थरात सर्वांत जास्त जातो, नेमक्या त्याच थरात प्रवाळाची दाटी असते. अडचण इथे आहे. बेफिकिरी हे नंतरचं कारण.

तोल गेला की धक्का लागतो तो बहुधा पायांतल्या फिन्सचा, आणि आपल्या मागे काय घडलं हे त्या माणसाला दिसतही नाही. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास पाऊण डायव्हर्सनी एका डाइव्हमध्ये निदान एकदा प्रवाळाला स्पर्श केल्याचं आढळलं. नुसत्या तोंडी सूचनांनी फरक पडला नाही. पाण्याखाली गाइडने तिथल्या तिथे अडवलं तेव्हा पडला. त्याआधी १९९७ मध्ये इजिप्तच्या रास मोहम्मद इथल्या अभ्यासात सूचनांना पाण्यातल्या प्रात्यक्षिकाची जोड दिल्यावर धक्के बरेच कमी झाले होते. कानांनी ऐकलेलं इथे पुरत नाही, अंगात मुरावं लागतं. आणि अंगात मुरण्यासाठी चुका करायला मोकळी जागा हवी. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं, फांद्यांचं त्याहून बरंच भराभर. तरी एका लाथेने मोडलेली फांदी पुढच्या हंगामाच्या पर्यटकांना पूर्ववत दिसणार नाही.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. मालवणात किंवा अंदमानात अर्ध्या तासाचं स्कुबा करून फोटो काढणारा पर्यटक या बाबतीत तुलनेने निरुपद्रवी असतो, कारण प्रशिक्षकाने त्याचं सिलिंडर मागून धरलेलं असतं आणि तोल सांभाळण्याचं सगळं काम तोच करत असतो. धोका खरा तो नुकतंच प्रमाणपत्र हाती पडलेल्या, स्वतंत्र झालेल्या आणि हातात कॅमेरा घेतलेल्या डायव्हरचा. चार समुद्री डाइव्ह झाले की १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. ते चार डाइव्ह कुणाच्या अंगावर शिकायचे, एवढाच प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप असा की प्रवाळ मरतंय ते समुद्र तापल्यामुळे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भारतीय समुद्रांतलं प्रवाळ पांढरं पडलं. त्यापुढे फिन्सची काय कथा? तुलना बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. उष्णतेने आधीच खंगलेल्या वसाहतीला मोडलेला भाग भरून काढणं अधिक जड जातं, आणि डायव्हिंगचे ठिकठिकाणचे बिंदू मोजकेच असल्याने रोज त्याच त्या खडकांवर गर्दी होते. शिवाय समुद्राचं तापमान कुणा एका पर्यटकाच्या हातात नाही, स्वतःचे पाय मात्र आहेत. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: तलावाचं पाणी गोडं, तिथला तोल समुद्रात चालत नाही. खारं पाणी जड असल्याने कमरेला काही वजन वाढवावं लागतं, हे खरंच. पण संथ श्वासाने वर-खाली होण्याची, मास्कमध्ये पाणी शिरलं तरी हातपाय न झाडण्याची सवय गोड्या पाण्यातही तीच. सायकल शिकलेल्याला दुसऱ्या सायकलवर फक्त सीट वरखाली करावी लागते.

तलावातला सराव कंटाळवाणा असतो, हा आक्षेप मात्र मी मान्य करून टाकतो. पण सुट्टीचा हिशेब मांडला तर तो कंटाळा परवडतो. पुस्तकी भाग आणि तलावातले धडे मुंबई-पुण्यात संपवून फक्त समुद्री डाइव्ह दुसरीकडे करण्याची सोय पाडीसारख्या स्कुबा-प्रशिक्षण संस्थांच्या कोर्समध्ये आहे. त्यासाठी साधारण वर्षभराची मुदत मिळते. अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबण्याची शिफारस असते, म्हणजे परतीच्या आधीचा दिवस जवळजवळ कोरडाच जातो. सहा दिवसांच्या सहलीत मास्कमधलं पाणी काढायला शिकत तीन दिवस घालवले, तर प्रवाळ पाहायचं कधी?

किनाऱ्यावरच्या लोकांच्या पोटाचं काय, हा प्रश्न सर्वांत वजनदार आहे. मालवणच्या कित्येक मच्छीमार कुटुंबांना पर्यटनाचा आधार झाला आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं १९८७ चं सागरी अभयारण्यही त्याच पाण्यात आहे. पण तयार होऊन आलेला डायव्हर धंदा बुडवत नाही. तो एका फेरीऐवजी चार फेऱ्यांचे पैसे देतो. तारकर्लीत पर्यटन महामंडळाच्या स्कुबा संस्थेने तर प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तलावच बांधला आहे, तो काही शोभेसाठी नव्हे. कायद्याच्या कलमाची आठवण करून देण्याची वेळ येऊ नये, तरी सांगतो: २००१ पासून आपल्याकडची खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहेत. तळावर पडलेला तुकडा आठवण म्हणून खिशात घालणंही गुन्हा.

आणि प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संपलं, असंही नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे; महाराष्ट्राच्या समुद्रात प्रवाळाचं एवढं मोठं पठार दुसरं नाही. तिचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे, म्हणजे पहिल्या कोर्सची १८ मीटरची मर्यादा तिथे सुरुवातीलाच अपुरी पडते.