हार्डांगरविद्दा : बर्फ, वारा आणि परतीची वाट

पायात स्की किंवा स्नोबोर्ड, कमरेला हार्नेस आणि वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला मोठा कापडी पतंग, एवढ्या साहित्यावर स्नोकाइटिंग चालते. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला. दक्षिण नॉर्वेतले हार्डांगरविद्दा हे पठार या खेळासाठी जगभर नावाजलेले आहे. युरोपातल्या या सर्वांत मोठ्या डोंगरी पठाराची सरासरी उंची सुमारे 1,100 मीटर आहे. बहुतेक भाग वृक्षरेषेच्या वर असल्याने वाऱ्याला अडवायला झाडच नाही. 1909 मध्ये सुरू झालेली ऑस्लो-बर्गन रेल्वे त्याच्या उत्तरेकडून जाते. हाउगास्टोल स्थानकावर उतरले की गोठलेला तलाव जवळच असतो. याच मार्गावरच्या, 1,222 मीटर उंचीवरील फिन्से स्थानकाला तर मोटाररस्ताच नाही.

बर्फावर वाऱ्याला जुंपण्याची कल्पना जुनी आहे. 1888 मध्ये ग्रीनलंड ओलांडताना फ्रिट्यॉफ नान्सेनच्या तुकडीने स्लेज एकत्र बांधून त्यांवर शिडे उभारली होती. हार्डांगरविद्दाचा दरारा मात्र वेगळाच. पुढे दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेला रोआल्ड आमुंडसेन 1896 च्या हिवाळ्यात भावासह हे पठार ओलांडायला निघाला आणि वादळात सापडून दोघे मरता मरता वाचले.

नव्या भागाची पाहणी घरी, नकाशापासून सुरू होते. नॉर्वेत उताराचा तीव्रपणा रंगांनी दाखवणारे नकाशे सर्वांना खुले आहेत. 30 अंशांहून तीव्र उतारावर हिमप्रपाताची शक्यता असते. अशा उताराच्या पायथ्याची सपाट जागाही सुरक्षित नसते, कारण वरून सुटलेला बर्फ तिथवर येऊन पोहोचतो. तलाव सपाट म्हणून मोह घालतात. पण ओढा जिथे तलावात शिरतो किंवा बाहेर पडतो तिथे बर्फाचा थर पातळ राहतो. वीजनिर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या तलावांत पाण्याची पातळी हिवाळ्यात खाली जाते आणि काठाजवळचा बर्फ भेगाळतो. विजेच्या तारा, रस्ता आणि रेल्वेमार्ग यांपासून भरपूर अंतर ठेवावेच लागते.

वाऱ्याचे गणित सर्वांत फसवे. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. थंडीत हवा दाट होते, म्हणून त्याच वेगाचा वारा बर्फात जास्त ओढतो; पठाराच्या उंचीवर हवा विरळ असल्याने त्यातला काही भाग कमी होतो. डोंगराच्या आडोशाला वारा मंद वाटतो, पण तिथेच तो भोवऱ्यासारखा फिरतो आणि पतंग अचानक कोसळतो किंवा झटका देतो. म्हणून पहिल्या फेरीला मोकळे मैदान निवडून, दिवसभराच्या अंदाजातला सर्वाधिक वारा धरून, त्याला साजेसा छोटा पतंग घेणे शहाणपणाचे.

उघड्या पठारावर पतंग मांडणे हेही कौशल्यच आहे. हवा भरून फुगणारा मऊ पतंग बर्फावर पसरतात, मागच्या कडेवर फावड्याने बर्फ टाकून तो दाबतात, मग दोऱ्या एकेक करून सुटसुटीत करतात. उणे 15 अंशांत हातमोजे काढावे लागले तर बोटे काही मिनिटांत बधिर होतात. पकडदांड्याजवळचा तत्काळ सुटकेचा खटका मोजे घालूनच ओढता आला पाहिजे आणि त्यात बर्फ गोठलेला नाही हे निघण्याआधी तपासले पाहिजे.

ढग उतरले की आकाश आणि जमीन एकाच रंगाची होतात. वाऱ्याने कोरलेले कडक उंचवटे दिसत नाहीत आणि कड्यावरून पुढे आलेला बर्फाचा छज्जाही दिसत नाही. अशा वेळी वेग हाच शत्रू ठरतो.

खरा धोका मात्र परतीत असतो. पतंगावर तासाला 30 किलोमीटर सहज कापता येतात. वारा पडला तर तेच अंतर चालत यायला सात-आठ तास लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीत दिवसाचा उजेडच जेमतेम सहा तास असतो. म्हणून अनोळखी भागात आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातात, म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो. हिमप्रपातात गाडलेल्याला शोधण्याचा ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडे, होकायंत्र, जादा कपडे आणि रात्र काढता येईल अशी झोपपिशवी प्रत्येकाकडे हवी. मार्ग आणि परतीची वेळ मागे कोणाला तरी सांगून ठेवावी. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते.

हे पठार युरोपातल्या जंगली रेनडिअरच्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एकाचे घर आहे. 1981 पासून त्याच्या मोठ्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. हिवाळाअखेर हे प्राणी अशक्त असतात, माद्या गाभण असतात. आवाज न करता वेगाने येणारा रंगीत पतंग पाहून कळप उधळला तर साठवलेली ताकद धावण्यात जाते. कळप दिसताच पतंग खाली उतरवून थांबणे, आणि संरक्षित भागातले पतंगविषयक नियम निघण्यापूर्वी पाहणे, हे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.

मार्च-एप्रिल हा सर्वांत सोयीचा काळ. दिवस मोठा असतो आणि बर्फ बहुधा घट्ट. नवख्याने आधी हाउगास्टोलसारख्या ठिकाणी प्रशिक्षकाकडे शिकावे आणि पठाराच्या आत जाताना जाणत्या सोबत्याशिवाय पाऊल टाकू नये.