औंस, चमचा आणि मिलिलिटर

जालना, अंबड वा परतूरच्या घरोघरी ज्येष्ठांना पातळ औषध ‘दोन चमचे’ दिले जाते; पण हा चमचा नेमका कोणता, याचा विचार आपण करतो काय? औषधाच्या मोजमापात लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, तर मोठा १५ मिलिलिटर. एकाच्या जागी दुसरा आला, की मात्रा तिप्पट होते. स्वयंपाकघरातील चमच्यांना तर निश्चित मापच नसते.

परदेशातून मुलांनी आणलेल्या बाटलीवर अनेकदा औंस असतात. अमेरिकी द्रव औंस सुमारे २९.६ मिलिलिटर, ब्रिटिश सुमारे २८.४. हृदयविकार वा मूत्रपिंडविकारात डॉक्टरांनी दिवसाचे पाणी ठरवून दिले असेल, तर पिंटचा फरकही ध्यानी घ्यावा : अमेरिकी पिंट सुमारे ४७३ मिलिलिटर, ब्रिटिश ५६८. दोन पिंटांत जवळजवळ पेलाभर पाण्याचे अंतर पडते.

म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्येच लिहून घ्यावी. औषधासोबतचे मापाचे झाकण सपाट जागी ठेवून, नजर रेषेच्या पातळीवर आणून औषध ओतावे. बाटलीवर ठळक अक्षरांत मात्रा लिहून चिकटवावी; अधू दृष्टीच्या आजी-आजोबांना तो मोठाच आधार ठरतो.