मतपेटीतून आलेले मृदसंधारण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज सुमारे ३,००० संधारण मंडळे आहेत. ती राज्याच्या कायद्याने स्थापन होतात, त्यांचे बहुतेक सदस्य निवडणुकीने येतात, आणि कॅलिफोर्नियात ‘संसाधन संधारण मंडळ’ तर ओहायो, मिनेसोटा, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत ‘मृदा व जलसंधारण मंडळ’ या नावाने ती ओळखली जातात. काम मात्र सर्वत्र एकाच जातीचे असते : खासगी शेतजमिनीवरून माती, खत आणि पाणी वाहून जाऊ नये यासाठी शेतकऱ्याला सल्ला आणि आराखडा देणे, आणि खर्चाचा काही भाग सरकारकडून मिळवून देणे. मतपत्रिकेवर या मंडळाच्या उमेदवारांची नावे अगदी तळाशी असतात आणि शहरी मतदाराची नजर तिथवर क्वचितच पोचते. तरीही जमीन एकाची आणि तिच्यावरून वाहणारे पाणी सर्वांचे, या जुन्या पेचावर लोकशाही पद्धतीने काढलेला तोडगा म्हणून ही संस्था अभ्यासण्याजोगी आहे. तिला जन्मतःच समजूत आणि सक्ती अशी दोन साधने देण्यात आली होती. त्यांतले पहिले तिने मन लावून वापरले आणि दुसरे बव्हंशी माळ्यावर टाकले. ती टिकून राहिली ती यामुळेच, आणि अपुरी पडली तीही यामुळेच.

या चळवळीचा प्रवर्तक ह्यू हॅमंड बेनेट हा नॉर्थ कॅरोलायनातील अँसन कौंटीत १८८१ साली जन्मलेला मृदाशास्त्रज्ञ होता. १९०५ साली व्हर्जिनियातील लुईझा कौंटीची पाहणी करताना त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला असे दिसले की रानातील माती भुसभुशीत व ओलसर असून तिला लागूनच असलेल्या, एकेकाळी तशाच असलेल्या शेताची माती मात्र कठीण चिकणमाती झाली आहे. वरचा थर पावसागणिक पापुद्र्यासारखा निघून गेला होता आणि घळ न पडल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. या प्रकाराला सालकाढी धूप म्हणतात. घळ पडली की शेतकरी घाबरतो, सालकाढी धूप मात्र त्याच्या डोळ्यांदेखत होऊनही त्याला दिसत नाही. म्हणूनच बेनेट तिला अधिक घातक मानत असे. १९२८ साली कृषिखात्याने प्रसिद्ध केलेल्या पत्रकात त्याने धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचे मांडले, १९३३ साली तो नव्या मृदाधूप सेवेचा प्रमुख झाला, आणि २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारण कायदा मंजूर होऊन ही सेवा कृषिखात्याचा कायमचा विभाग बनली. त्या कायद्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १४ एप्रिलला, दक्षिणेकडील सपाट प्रदेशांवर धुळीचे जे काळे वादळ उठले, त्याने बेनेटचे निम्मे काम केले असे म्हणायला हरकत नाही.

पहिला प्रयोग मात्र धुळीच्या प्रदेशात झाला नाही. तो विस्कॉन्सिन राज्यातील कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात, सुमारे ९२ हजार एकरांवर, १९३३ मध्ये सुरू झाला. हा भाग हिमयुगातील बर्फाखाली कधीच न गेल्यामुळे डोंगरउताराचा आणि अरुंद दऱ्यांचा राहिला आहे. तिथे आलेल्या, प्रामुख्याने नॉर्वेजियन, वसाहतकऱ्यांनी उतारावर उभ्या सरी काढल्या, डोंगरमाथ्याच्या रानात गुरे सोडली, आणि दोन-तीन पिढ्यांत दरीचा तळ डोंगरावरून आलेल्या मातीने भरू लागला. मृदाधूप सेवेने इथे संपूर्ण पाणलोट, म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेले पाणी शेवटी एकाच ओढ्याला मिळते ते सारे क्षेत्र, एकक मानून माथा ते पायथा आराखडा केला. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी पाच वर्षांचे करार केले. कराराची देवाणघेवाण साधी होती : सरकारने चुना, बियाणे, खत, कुंपणाची तार आणि बेकार तरुणांच्या छावणीतील मजूर द्यायचे, आणि शेतकऱ्याने स्वतःची मेहनत घालून तीव्र उताराच्या रानातून गुरे बाहेर काढायची, पिकांची फेरपालट पाळायची आणि पट्टापेर करायची. पट्टापेर म्हणजे उताराला आडवे, समतल रेषेवर आखलेले पट्टे. एकात मका, शेजारच्यात गवत किंवा लसूणघास, म्हणजे मक्याच्या ओळींतून निसटलेली माती खालच्या गवतात अडकते. वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड याने या प्रयोगाबद्दल १९३५ सालीच लिहिले होते, आणि एकाच शेतावर शेतकी, वनखाते व वन्यजीवखाते एकत्र येणे ही त्याला त्यातील खरी नवलाई वाटली होती.

या खोऱ्याचा पुढचा इतिहास स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलज्ञाने अनेक दशके मोजला. दरीच्या तळाशी साचणाऱ्या गाळाचा वेग १९२०-३० च्या दशकांच्या तुलनेत शतकाच्या अखेरीस अगदी थोड्या अंशावर आला होता. याउलट ओढ्याच्या मुखाशी, म्हणजे मिसिसिपीला मिळताना, बाहेर पडणारा गाळ मात्र फारसा बदलला नव्हता, कारण डोंगरावरून येणारी माती घटली तरी आधी दरीत साठलेली माती ओढा कुरतडत राहिला. मुखाशी एक मापनयंत्र बसवून वरच्या शेतांची परीक्षा करता येते, या समजुतीला यामुळे चांगलाच धक्का बसला. पाणलोटात आज केलेल्या कामाचा हिशेब नातवाच्या काळात लागतो, आणि निवडून आलेल्या कोणत्याही संस्थेला ही गोष्ट अडचणीची असते.

प्रात्यक्षिक चांगले झाले तरी केंद्र सरकार देशातील प्रत्येक शेतावर करार करीत हिंडू शकत नव्हते. कृषिखात्यातील एम. एल. विल्सन यांचा आग्रह होता की निर्णय स्थानिक लोकांच्या हाती असावेत, आणि खात्याचे वकील फिलिप ग्लिक यांनी त्या आग्रहाला कायद्याचे रूप दिले. राज्यांसाठी तयार झालेला हा नमुना कायदा राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९३७ मध्ये सर्व राज्यपालांना पाठवला. त्यानुसार एखाद्या भागातील पंचवीस जमीन कसणाऱ्यांनी अर्ज करायचा, राज्याच्या समितीने सुनावणी घ्यायची, मग जनमत घ्यायचे आणि कौल अनुकूल आल्यास पाच पर्यवेक्षकांचे मंडळ स्थापन व्हायचे, ज्यांतील तिघे निवडून आलेले आणि दोघे नेमलेले असत. कसणाऱ्यांत मालकाबरोबर कूळही धरले होते, ही त्या काळाच्या मानाने उदार तरतूद होती. आर्कान्सॉने मार्च १९३७ मध्ये असा कायदा सर्वप्रथम केला. प्रत्यक्षात पहिले मंडळ ४ ऑगस्ट १९३७ रोजी नॉर्थ कॅरोलायनात स्थापन झाले ते ब्राउन क्रीकचे, आणि ते बेनेटच्या जन्मगावाच्या कौंटीतील होते. १९४७ पर्यंत त्या वेळच्या सर्व ४८ राज्यांनी कायदा केला होता.

नमुना कायद्याने मंडळाला कर बसवण्याचा किंवा जमीन संपादन करण्याचा अधिकार दिला नाही. जमीन वापराचे नियम करण्याचा अधिकार मात्र दिला, तोही जनमताच्या अटीवर. अनेक राज्यांनी हे कलम गाळले किंवा त्यासाठी लागणारे बहुमत इतके चढवले की ते निरुपयोगी ठरावे. दुसरा बदल अधिक दूरगामी होता. मंडळाची हद्द पाणलोटाप्रमाणे असावी अशी मूळ कल्पना होती, पण राज्यांनी ती बहुधा कौंटीच्या हद्दीवर बेतली, कारण कर, निवडणूक आणि शेतकी विस्तारसेवा हे सारे कौंटीचेच होते, आणि विस्तारसेवेला हा नवा प्रतिस्पर्धी आपल्या अंगणात वेगळ्या नकाशाने वावरायला नको होता. ओढा हद्द जाणत नाही. मंडळ मात्र हद्दीपाशी थांबते. विशेष म्हणजे ज्या विस्कॉन्सिनात पाणलोटाची कल्पना उगवली, त्याच राज्याने १९८२ मध्ये स्वतंत्र मंडळे रद्द करून ते काम कौंटीच्या समित्यांकडे दिले.

मंडळाचे रोजचे कामकाज कमालीचे साधे असते. कार्यालय बहुधा केंद्रीय कृषिखात्याच्या इमारतीत असते आणि तेथे मंडळाचा तंत्रज्ञ व १९९४ पासून ‘नैसर्गिक संसाधन संधारण सेवा’ नाव मिळालेल्या केंद्रीय संस्थेचा अधिकारी शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात. तंत्रज्ञ शेतकऱ्याबरोबर शेत फिरतो, मातीचा प्रकार आणि उतार पाहून जमिनीला एक ते आठ यांपैकी एका क्षमतावर्गात टाकतो, ज्यांतील पहिल्या चार वर्गांत नांगरणी चालते आणि पुढच्यांत कुरण किंवा झाडेच बरी, आणि मग हवाई छायाचित्रावर बांध, हिरवळीचे पाणमार्ग, ओढ्याकाठचे गवताचे पट्टे व गोठ्याच्या खताची जागा आखून देतो. आराखड्याची सक्ती नसते. खर्चाचा काही भाग सरकार देते, उरलेला शेतकऱ्याचा. या सगळ्याला वजन येते ते पर्यवेक्षक हा त्याच रस्त्यावर शेती करणारा शेजारी असल्यामुळे. त्याने स्वतःच्या शेतात आच्छादन पीक, म्हणजे मुख्य पीक निघाल्यावर जमीन उघडी राहू नये म्हणून पेरलेले पीक, घेतले तर ते कुंपणावरून सर्वांना दिसते. आणि पर्यवेक्षक शेजारी असल्यामुळेच तो शेजाऱ्याला दंड करायला कचरतो, ही त्याच नात्याची दुसरी बाजू होय.

या बाजूची किंमत ओहायोत स्पष्ट झाली. मॉमी ही नदी एरी सरोवराच्या पश्चिम टोकाला मिळते आणि तिचे खोरे मका-सोयाबीनचे आहे. १९८० च्या दशकात तेथील मंडळांनी विनानांगरणी शेती जोमाने पसरवली, त्यामुळे मातीच्या कणांना चिकटून जाणारा स्फुरद घटला आणि सरोवर काही काळ सुधारले. मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेला स्फुरद वाढू लागला : न नांगरलेल्या जमिनीवर वरून फेकलेले खत वरच्याच थरात साठते आणि जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांतून ते थेट ओढ्यात पोचते. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळाचे विष टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात आल्याने चार लाखांहून अधिक लोकांना काही दिवस ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. यात मंडळांनी हलगर्जी केली असे म्हणता येत नाही. त्यांनी एक उपाय मनापासून शिकवला आणि तो उपाय पुरेसा नव्हता. पण कोणाच्या शेतात खत किती, कधी आणि कुठे टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, आणि १९७२ च्या केंद्रीय स्वच्छ पाणी कायद्यानेही नळीतून सोडलेल्या सांडपाण्यावर परवान्याचे बंधन घालताना शेतावरून वाहून येणाऱ्या पाण्याला मोकळेच ठेवले होते.

माळ्यावरचे ते दुसरे साधन, म्हणजे सक्ती, कोणत्याच राज्याने खाली काढले नाही असे नाही. आयोवाने १९७१ साली मंडळांना एकरी मातीच्या नुकसानीची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार दिला. मर्यादा ओलांडल्यावर मंडळ शेतकऱ्याला बांध घालायला किंवा जमीन गवताखाली आणायला भाग पाडू शके, पण मुख्यतः नुकसान सोसणाऱ्या शेजाऱ्याने तक्रार केली तरच, आणि खर्चाचा ठरावीक वाटा सरकारने देऊ केला तरच. वुडबरी कौंटीच्या मंडळाने असा आदेश दिला तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७९ मध्ये न्यायालयाने आदेश वैध ठरवला. माती ही पुढच्या पिढ्यांचीही असल्याने मालकावर वाजवी बोजा टाकणे म्हणजे मालमत्ता हिरावणे नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल मोठा, वापर लहान. पैसा नसेल तर आदेश नाही, अशी ती गाठ होती.

नेब्रास्काने रचनाच बदलली. तिथल्या सुमारे दीडशे लहान मंडळांना एकत्र करून १९७२ मध्ये नद्यांच्या खोऱ्यांच्या हद्दीवर २४ नैसर्गिक संसाधन मंडळे (आता २३) उभी राहिली. त्यांना मालमत्ता कर बसवता येतो, भूजलाचे नियम करता येतात आणि त्यांच्या निवडणुकीत शहरी मतदारही असतात. त्यांपैकी मध्य प्लॅट मंडळात विहिरींच्या पाण्यात नायट्रेट वाढल्यावर १९८७ पासून नत्रखतावर टप्प्याटप्प्याने बंधने आली : वालुकामय जमिनीत शरदात खत टाकण्यास मनाई, माती व पाण्याची तपासणी बंधनकारक, अहवाल सक्तीचा. सर्वांत बाधित पट्ट्यातील नायट्रेट हळूहळू, पण मोजता येईल एवढे, उतरले. हे उदाहरण पाहता कौंटीच्या जागी खोरे आणि सल्ल्याच्या जोडीला कर व नियम ही नेब्रास्काची निवडच अधिक शहाणपणाची वाटते, जरी इतर राज्यांनी तिचे अनुकरण क्वचितच केले.

महाराष्ट्रातील वाचकाला यात ओळखीचे आणि अनोळखी असे दोन्ही दिसेल. मुंबई प्रांताच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला वैधानिक चौकट मिळाली, पण योजना आखणारे हात खात्याचे होते. लोकांची संस्था आली ती फार उशिरा, गावाच्या पाणलोट समितीच्या रूपाने, आणि तिने श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांसारखे जे नियम गावसभेत मान्य करून पाळून घेतले, ते अमेरिकेतील कौंटीच्या मंडळाला करण्याचे धाडस होणार नाही. समितीची मुदत मात्र बहुधा प्रकल्पाच्या निधीबरोबर संपते, आणि ती संपत नाही ही अमेरिकी मंडळाची मोठी जमेची बाजू आहे.

अमेरिकेत १९५४ च्या पाणलोट संरक्षण कायद्याने मंडळांना आणखी एक जबाबदारी दिली. अडीच लाख एकरांपर्यंतच्या पाणलोटांत केंद्राच्या पैशाने लहान पूरनियंत्रक धरणे बांधायची आणि देखभाल स्थानिक प्रायोजकांनी करायची, अशी ही योजना होती. देशभर अशी ११ हजारांहून अधिक धरणे झाली, त्यांतील अनेकांचे आयुष्य पन्नास वर्षे धरलेले होते, आणि ते आता उलटून गेले आहे. कून क्रीक आणि शेजारच्या खोऱ्यातील, बहुतेक एरवी कोरडीच राहणाऱ्या धरणांवर २०१८ च्या ऑगस्टअखेर एका रात्रीत इतका पाऊस कोसळला की पाच धरणे फुटली. मातीचा भराव बऱ्याच अंशी शाबूत राहिला. भेगाळलेल्या वालुकाश्माचा डोंगर जिथे भरावाला भिडतो तिथून पाण्याने वाट काढली होती. त्यानंतरच्या अभ्यासाने उरलेली धरणेही दुरुस्त करण्याऐवजी निकामी करावीत अशी शिफारस केली.

धरणे गेली तर पाणी धरून ठेवायचे काम पुन्हा उतारावरच्या शेतांकडे येते, आणि खोऱ्यातील शेतकरी व रहिवाशांनी स्थापलेली नवी पाणलोट परिषद त्याच विचारात आहे. अडचण अशी की पट्टापेर १९३३ पासून टिकली ती दुभत्या गायींमुळे : गवताच्या आणि लसूणघासाच्या पट्ट्याला गोठ्यातच गिऱ्हाईक होते. विस्कॉन्सिनातील दुग्धशाळांची संख्या आता सहा हजारांच्याही खाली आली आहे, आणि ज्या शेतावर गाय उरलेली नाही त्या शेतावरचा गवताचा पट्टा नांगरून तिथे मका आणि सोयाबीन घेणे हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने सरळ हिशेब आहे.