रक्तात थिजणारे प्रथिन

थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते. काही रुग्णांच्या रक्तातली प्रथिने अगदी अशीच वागतात. शरीराच्या ३७ अंश तापमानाखाली ती साकळतात आणि ऊब मिळाली की विरघळतात. १९४७ मध्ये लर्नर आणि वॉटसन यांनी त्यांना ‘क्रायोग्लोब्युलिन’ हे नाव दिले. ‘क्रायो’ म्हणजे थंड.

ही प्रथिने येतात कोठून? अनेक कारणांपैकी एक आहे हृदयाच्या झडपेला झालेला जंतुसंसर्ग. लहानपणी संधिज्वराने झडप खराब झाली असेल, तर हिरड्यांतून रक्तात उतरलेले जंतू तिच्यावर ठाण मांडू शकतात. मग आठवडेच्या आठवडे बारीक ताप, घाम आणि थकवा. जंतू हटत नाहीत, म्हणून शरीर प्रतिपिंडे बनवतच राहते. पुढे तर या प्रतिपिंडांविरुद्धच नवी प्रतिपिंडे तयार होतात! त्यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पायांवर जांभळट ठिपके उठतात, सांधे दुखतात, मूत्रपिंडांना सूज येऊन लघवीतून रक्त जाते.

खरा धोका इथेच आहे. अशा रुग्णाची ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ ही तपासणीही होकारार्थी येऊ शकते. मग संधिवात समजून नुसते स्टिरॉइड सुरू झाले, तर प्रतिकारशक्ती दबते आणि झडपेवरच्या जंतूंना मोकळे रान मिळते.

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. या तपासणीचे रक्त गोठून त्यातले सिरम वेगळे होईपर्यंत नमुना ३७ अंशांवरच ठेवावा लागतो. वाटेत तो गार झाला, तर ही प्रथिने गुठळीबरोबर खाली बसतात आणि अहवाल चुकीने ‘नाही’ असा येतो. वेगळे केलेले सिरम मात्र नंतर काही दिवस ४ अंशांवर ठेवून पाहतात.

उपचार मुळावरच हवा. साधारणपणे चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, कधी झडपेची शस्त्रक्रियाही करावी लागते. जंतू गेले की बहुधा ही प्रथिनेही ओसरतात.

म्हणून झडपेचा जुना दोष असेल आणि ताप रेंगाळत असेल, तर दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. त्यामुळे रक्तातले जंतू तपासणीत सापडेनासे होतात. आधी डॉक्टरांना झडपेविषयी सांगा, आणि औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी रक्ताचे कल्चर होऊ द्या.