पायानं पेललेलं धनुष्य

२९ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकच्या तिरंदाजीची क्रमवारी फेरी सुरू होती. प्रत्येकीला ७२ बाण, जास्तीत जास्त ७२० गुण. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातल्या लोइधार गावची १७ वर्षांची शीतल देवी ७०३ गुणांवर थांबली. ७२ बाणांत मिळून तिचे फक्त १७ गुण गेले होते. तोवरचा विश्वविक्रम तिनं मागं टाकला होता. त्याच फेरीत तुर्कियेच्या ओझनूर जुरे गिर्दीनं ७०४ गुण मिळवले आणि पहिलं स्थान एका गुणानं तिकडं गेलं.

शीतलला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. फोकोमेलिया या अत्यंत दुर्मीळ जन्मजात स्थितीत हात किंवा पाय गर्भातच नीट घडत नाहीत. धनुष्य ती उजव्या पायानं पेलते.

ही बातमी ऐकून आपण हळहळतो, कौतुक करतो आणि पुढच्या बातमीकडं वळतो. पण खरं नवल तिथून पुढं आहे. हे होतं तरी कसं? हातांशिवाय दोरी ओढायची कशी, नेम धरायचा कशानं, बाण सोडायचा कशानं? या प्रश्नांमागं गेलं, की माणसाच्या शरीराबद्दल आणि मेंदूबद्दल जे कळतं, त्यानं थक्क व्हायला होतं.

आधी ५० मीटर म्हणजे किती, ते पाहू. कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेत लक्ष्य इतकं दूर असतं. त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. आता साधं त्रैराशिक मांडा. नेम धरायची खूण डोळ्यापासून मीटरभर अंतरावर आहे असं धरलं, तर ती एक मिलिमीटर हलली तरी ५० मीटरवर बाण ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर जाऊ लागतो. श्वास आत-बाहेर होतो, हृदय धडधडतं, वारा कधी इकडून येतो तर कधी तिकडून. हे सगळं सांभाळून त्या मिलिमीटरच्या आत राहायचं, आणि तेही एकदा नाही, ७२ वेळा.

कंपाउंड हा धनुष्याचा प्रकार मराठी वाचकाला अनोळखी नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे याच धनुष्यानं जगज्जेते झाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना पूर्ण गोल नसलेल्या चकत्या असतात आणि दोरी त्यांवरून फिरते. दोरी ओढायला लागलं की सुरुवातीला ताण झपाट्यानं वाढतो. मग चकत्या एका ठरावीक कोनातून वळतात आणि ताण एकदम उतरतो. घाट चढून माथ्यावर आल्यावर पायांना मिळावा तसा तो दिलासा असतो. पूर्ण ओढलेल्या स्थितीत मूळ ताणाचा थोडाच भाग धरून ठेवावा लागतो, आणि त्यामुळं तिरंदाजाला शांतपणे नेम धरायला काही क्षण मिळतात. दोरीत एक बारीक छिद्र बसवलेलं असतं, धनुष्यावर भिंग असतं. डोळा, छिद्र, भिंग आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम लागला.

हात असलेला तिरंदाज एका हातानं धनुष्य पुढं ढकलतो आणि दुसऱ्यानं दोरी मागं ओढतो. खरं काम खांद्यांमागचे, पाठीचे स्नायू करतात. बोटं फक्त दोरी धरतात. नीट पाहिलं तर तिरंदाजीच्या गाभ्यात तीनच क्रिया उरतात: ढकलणं, ओढणं आणि सोडणं. या तिन्ही हातांनीच केल्या पाहिजेत, अशी अट भौतिकशास्त्रानं कुठंच घातलेली नाही.

शीतल खुर्चीत बसते. बाण पायानंच उचलून धनुष्यावर चढवते. मग उजव्या पायाच्या बोटांत धनुष्याची मूठ धरून पाय वर घेते, थेट चेहऱ्याच्या उंचीपर्यंत. दोरी पकडणारी आकडी उजव्या खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेली असते. दोरी आकडीत अडकली की पाय पुढं सरळ होत जातो आणि खांदा मागं रेटला जातो. ढकलणं पायाकडं, ओढणं खांद्याकडं आणि पाठीकडं. नेम जुळला की जबड्याच्या हालचालीनं आकडी सुटते आणि बाण निघतो. तिन्ही कामं झाली. फक्त कामांची वाटणी बदलली.

यात सर्वांत अवघड काय असेल, तर तोल. आपण एक पाय उचलला की हात आपोआप बाजूला पसरतात आणि तोल सावरतात. शीतलकडं ती सोय नाही. एक पाय हवेत, त्यावर धनुष्याचं वजन आणि ताण. बाकी सगळा आधार बैठकीचा आणि दुसऱ्या पायाचा. कमरेचा सांधा इतका लवचिक हवा की पाय चेहऱ्यासमोर येईल, आणि पोटाचे व पाठीचे स्नायू इतके घट्ट हवेत की तिथं आलेला पाय मिलिमीटरभरही थरथरणार नाही. लवचिकपणा आणि घट्टपणा एकाच शरीरात, एकाच क्षणी.

ही पद्धत कुण्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. २०२१ मध्ये सैन्यानं भरवलेल्या तरुणांच्या एका कार्यक्रमात शीतल लोकांच्या नजरेत आली. आधी विचार झाला तो कृत्रिम हातांचा. ते जमलं नाही. मात्र ही मुलगी गावात झाडांवर चढायची. तिच्या पायांत, खांद्यांत, पाठीत बळ आहे, हे उघड होतं. कटऱ्याच्या अकादमीतले प्रशिक्षक कुलदीप वेदवान आणि अभिलाषा चौधरी यांनी हातांशिवाय तिरंदाजी करणाऱ्या अमेरिकेच्या मॅट स्टुट्झमनकडं पाहिलं आणि शीतलच्या शरीराला बेतून साधनं घडवली. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे तिरंदाजी सुरू केल्यापासून फार काळ लोटला नव्हता तेव्हा, चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनच्या जागतिक पॅरा स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत दोन सुवर्णं आणि एक रौप्य.

स्टुट्झमनची कथाही तितकीच मोलाची. त्यालाही जन्मापासून हात नाहीत. २०१२ मध्ये लंडनला त्यानं रौप्य जिंकलं. मग तब्बल बारा वर्षांनी, पॅरिसमध्ये, सुवर्ण. त्याच मैदानावर, ज्या मुलीला त्याच्यामुळं वाट दिसली होती ती शीतल राकेश कुमारबरोबर मिश्र गटात उतरली आणि दोघांनी इटलीच्या जोडीवर १५६-१५५ अशी मात करून कांस्य मिळवलं. इतक्या लहान वयात पॅरालिम्पिक पदक मिळवणारा भारतीय खेळाडू तिच्याआधी कुणी नव्हता.

आता मेंदूकडं येऊ. आपल्या मेंदूच्या पृष्ठभागावर स्पर्शाची एक पट्टी असते आणि तीत साऱ्या शरीराचा जणू नकाशा कोरलेला असतो. हाताच्या प्रत्येक बोटाला त्यात स्वतंत्र, आखीव जागा आहे. म्हणून डोळे मिटूनही कुठल्या बोटाला स्पर्श झाला ते आपण चटकन सांगतो. पायाच्या बोटांचं तसं नाही. त्यांच्या जागा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुणी आपल्या पायाच्या मधल्या बोटांना हात लावला तर नेमकं कोणतं बोट, हे सांगताना आपला गोंधळ उडतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मापासून हात नसलेल्या आणि पायानं चित्रं काढणाऱ्या दोन चित्रकारांच्या मेंदूची त्यांनी छायाचित्रणानं पाहणी केली. त्यांच्या मेंदूत पायाच्या बोटांचे वेगवेगळे, ओळीनं मांडलेले नकाशे आढळले, आपल्या हातांच्या बोटांचे असतात तसे. तो अभ्यास चित्रकारांचा होता, तिरंदाजांचा नाही. पण त्यातून दिसणारी गोष्ट फार मोठी आहे. लहानपणापासून पायाच्या बोटांनी घास घेतला, पेन धरलं, कुंचला फिरवला, तर मेंदू त्या बोटांसाठी नवा नकाशा आखू शकतो. मेंदू हा जन्मतः छापून आलेला आणि कायमचा ठरलेला कागद नव्हे. आपण रोज काय करतो, ते त्याला घडवत राहतं.

या कथेला इतिहासाचीही एक सुरेख किनार आहे. पॅरिसमधलं तिरंदाजीचं मैदान लेझँव्हालीद या भव्य वास्तूसमोर होतं. ती वास्तू चौदाव्या लुईनं १६७० मध्ये आज्ञा देऊन बांधवून घेतली, ती युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना आसरा म्हणून. आणि पॅरालिम्पिकचा उगमही जखमी सैनिकांतच आहे, तोही तिरंदाजीतून.

दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेला सैनिक फार दिवस जगणार नाही असंच धरलं जाई. त्याला बिछान्यात पडून राहू देत. अंगाला जखमा होत, मूत्रमार्गात संसर्ग होई आणि तो जाई. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मज्जाशल्यतज्ज्ञ लुडविग गुटमान यांना हे पटेना. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात त्यांनी कण्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला. रुग्णांना ठरावीक वेळानं कूस बदलायला लावली, उठवून बसवलं आणि खेळायला लावलं, तिरंदाजीही. धनुष्य ओढताना खांदे, दंड, पाठ आणि पोट यांचं बळ वाढतं. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला नेमकं तेच लागतं. शिवाय तिरंदाजीत चालणारा आणि न चालणारा शेजारी-शेजारी स्पर्धा करू शकतात.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी गुटमान यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. बारा वर्षांनी, १९६० मध्ये, रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले आणि तिथं पहिलं पॅरालिम्पिक झालं. ब्रिटनचं तिथलं पहिलं सुवर्ण तिरंदाजीतच मिळालं, मार्गारेट मॉन यांना. १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आलं तेही एका सैनिकाकडून. सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या इस्लामपूर परिसरातले मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांनी स्पर्धेपर्यंत नेलं आणि ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पार केलं. खेळातून जखमी शरीर सावरतं, हे गुटमान यांचं म्हणणं पेटकरांनी पाण्यात सिद्ध केलं.

तिरंदाजीत ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिक यांच्यामधली भिंत कधीच फार उंच नव्हती. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल यांनी १९८२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चाकाच्या खुर्चीत बसून, उभ्यानं नेम धरणाऱ्यांना मागं टाकत सुवर्ण जिंकलं आणि १९८४ मध्ये त्या थेट ऑलिंपिकला उतरल्या. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची ज्योत चेतवण्यासाठी पेटता बाण सोडला तो पोलिओ झालेल्या पॅरालिम्पिक तिरंदाजानं, आंतोनियो रेबोल्यो यांनी. इराणच्या झहरा नेमती २०१६ मध्ये रिओत दोन्ही स्पर्धा खेळल्या.

शीतलही त्याच दिशेनं निघाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला तिनं ओझनूर जुरे गिर्दीला १४६-१४३ नं हरवून जागतिक सुवर्ण मिळवलं, आणि त्याच वर्षी जेद्दाहच्या आशिया चषकासाठी तिची निवड भारताच्या सर्वसाधारण कनिष्ठ संघात झाली, हात असलेल्या तिरंदाजांशी स्पर्धा करून. तिच्या मागून येणारेही थांबलेले नाहीत. ओडिशाची पायल नाग हिला दोन्ही हात नाहीत आणि पायही नाहीत. कृत्रिम पायावर धनुष्य तोलून तिनं २०२५ मध्ये जयपूरच्या राष्ट्रीय पॅरा स्पर्धेत खुद्द शीतलला हरवलं. म्हणजे शीतलची पद्धतही अंतिम नव्हती. पुढच्या मुलीनं तिला स्वतःच्या शरीराला जुळेल असं वळण दिलं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्य पहिल्यांदाच येणार आहे, मिश्र गटात. त्याच उन्हाळ्यात तिथं पॅरालिम्पिकही होईल. दोन्ही पाहा, आणि पॅरालिम्पिक पाहताना या खेळाडूंकडं काय नाही हे मोजत बसू नका. पायाची बोटं मुठीवर कशी बसतात, खांदा मागं जाताना पाठ कशी स्थिर राहते, जबडा हलण्याआधी श्वास कुठं थांबतो, हे बघा. हे सगळं माणसाच्या शरीरात आधीपासून शक्य होतं. कुणीतरी मागितलं, कुणीतरी शिकवलं, हजारो वेळा गिरवलं, तेव्हा ते प्रकट झालं. आपल्या आजूबाजूच्या किती मुलामुलींच्या शरीरात अशी कसबं अजून मागणीची वाट पाहत असतील, याचा विचार आपण करायला हवा, आणि त्यांच्यासाठी मैदानं, साधनं आणि शिकवणारी माणसं उभी करायला हवीत.