चिकणमातीच्या अंगणातील कृत्रिम हिरवळ व तिचे जलनिःसारण
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

कृत्रिम हिरवळ जगभर प्रसिद्धीस आली ती १९६६ साली, अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या आच्छादित क्रीडागारात. तेथे डोक्यावर छप्पर असल्याने पावसाच्या पाण्याचा प्रश्न उद्भवतच नव्हता. हेच आच्छादन शहापूर-मुरबाडकडील उघड्या अंगणात अंथरावयाचे झाल्यास हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. येथे वर्षाकाठी दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

या भागातील माती काळवत्री खडकाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, विघटनातून बनलेली आहे. डोंगरउतारावर ती उथळ व मुरमाड असते, तर खोलगट सखल भागात जड व चिकण होते. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतात व त्यांमधील पोकळ्या अतिसूक्ष्म असतात. शिवाय काही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून भेगाळते. भातशेतीला मातीचा हा गुण वरदान ठरतो. शेतकरी चिखलणी करतो तेव्हा मातीची ढेकळे व त्यांतील मोठी छिद्रे मोडतात आणि खाचरात पाणी तुंबून राहते. खाचरात जे हवे असते, तेच अंगणात नको असते.

या विरोधाचे परिमाण साध्या गणिताने कळते. २० मीटर लांब व १० मीटर रुंद अंगणावर तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडला, तर एका तासात १०,००० लिटर पाणी जमते. ओली चिकणमाती तासाला फार तर ५ मिलिमीटर, म्हणजे १,००० लिटर, पाणी मुरवते. उरलेल्या नऊ दशांश पाण्याला बाजूने वाट काढून द्यावीच लागते. हिरवळीच्या पाठीला भोके आहेत, म्हणून निचरा होईल, हा समज येथेच फोल ठरतो. त्या भोकांतून पाणी खाली उतरते. पण खाली उतरलेले पाणी पुढे कोठे जाणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

निचऱ्यासाठी माती खणून खडी भरण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु बाहेर जाण्याची वाट न ठेवता चिकणमातीत खणलेला सपाट खड्डा हा खडीने भरलेला हौदच होय. १५ सेंटिमीटर जाडीच्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी धरली, तर तीत ६० मिलिमीटर पाऊस मावतो. वरील वेगाच्या पावसात, माती थोडे पाणी मुरवीत असतानाही, हा हौद एक तास वीस मिनिटांत काठोकाठ भरतो. त्यानंतर हिरवळीवर पाणी साचते, तिच्यातील वाळू व रबराचे कण जागचे हलू लागतात आणि खालची माती मऊ होऊन पृष्ठभाग खचतो.

या परिसरातील जुन्या अंगणाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. पावसाळा सरला की जमीन धुमसाने चोपून व शेणाने सारवून टणक केली जाई, आणि तिला घरापासून बाहेर ढाळ दिला जाई. पाणी जमिनीत मुरवावयाचे नाही, तर ते वरूनच वाहून न्यावयाचे, हे त्या रचनेचे सूत्र होते. कृत्रिम हिरवळीखालीही हेच सूत्र पाळावे लागते. फरक इतकाच, की चोपलेले अंगण आता खडीच्या तळाशी जाते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. प्रथम वरची सेंद्रिय व भुसभुशीत माती काढावी. उघड्या पडलेल्या तळाला पाणसळ लावून घरापासून दूर १०० ला १ इतका ढाळ द्यावा. १० मीटर रुंदीत तो १० सेंटिमीटर भरतो. फुगणाऱ्या मातीवर मुरमाचा थर पसरून रूळ फिरवावा. त्यावर पाणी सोडणारे पण माती अडविणारे गाळणकापड अंथरावे, म्हणजे चिखल खडीत शिरत नाही. मग धुतलेली खडी, तीवर बारीक खडीचा समतल थर आणि शेवटी हिरवळ, असे थर घालावेत. ढाळाच्या खालच्या कडेला चर खणून त्यात १० सेंटिमीटर व्यासाची सच्छिद्र नळी त्याच ढाळाने बसवावी. अशी नळी सेकंदाला सुमारे ४ लिटर पाणी वाहून नेते, आणि वरील पावसाला २.८ लिटरची गरज असते. पाऊस याच्या दुप्पट झाला तर नळी अपुरी पडते. तेवढा वेळ जादा पाणी खडी सांभाळते.

कामाची वेळ हीही रचनेइतकीच महत्त्वाची आहे. ओल्या चिकणमातीवर यंत्र फिरवणे म्हणजे अंगणाची चिखलणी करणे होय. आणि कडक सुकलेली माती नीट दबत नाही. जमीन वाफशावर असताना तळाचे काम करावे आणि मृगापूर्वी सर्व थर पुरे करावेत.

एक प्रश्न अंगणाच्या कुंपणाबाहेरचा आहे. नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खाचरात उघडले, तर एकाची सोय ती दुसऱ्याची हानी होते. पाण्याबरोबर वाहणारे प्लास्टिकचे तंतू व रबराचे कण ओहोळात जाऊ नयेत, म्हणून नळीच्या तोंडापाशी जाळीचा गाळकुंड असणे आवश्यक आहे. याहून गंभीर बाब पाण्याच्या मोलाची आहे. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा भूमीत गाळलेले पाणी नुसते नाल्याला न सोडता शेततळ्यात किंवा उतारावरील मुरमाड जागेत मुरविणेच इष्ट. जेथे पाण्याला अशी जागा देता येत नाही, तेथे हिरवळ न अंथरता चोपलेले अंगणच राखणे अधिक शहाणपणाचे ठरेल. उन्हात कृत्रिम तंतू नैसर्गिक गवतापेक्षा पुष्कळ अधिक तापतात, हेही त्या निर्णयाच्या वेळी ध्यानात घ्यावे लागते.