कंटाळा की अवधानदोष?

पाचवीचा गणिताचा तास. फळ्यावर भागाकाराची दहा उदाहरणे. एका मुलाने ती पाच मिनिटांत संपवली आणि आता तो शेजाऱ्याचा कंपास उघडतो आहे, पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतो आहे. दुसऱ्याने तीन उदाहरणे सोडवली. चौथ्यात आकडाच चुकीचा उतरवला आणि तो भलतीकडे रमला. तोंडी विचारले तर त्यालाही सगळे येते. प्रगतिपुस्तकात दोघांना एकच शेरा मिळतो: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' या शेऱ्यामागे दोन निराळी कारणे असू शकतात.

पहिले कारण कंटाळा. जे येते तेच पुन्हापुन्हा करावे लागले की कोणाचेही लक्ष उडते. दुसरे कारण अवधानदोष व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी. यात ठरवलेल्या कामावर लक्ष टिकवणे, ऊर्मी आवरणे आणि वेळेचे भान ठेवणे ही मेंदूची कामे कमी पडतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हा आईवडिलांच्या लाडांचा परिणाम नव्हे.

याचे निदान रक्ततपासणीने होत नाही, वर्तनावरून होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी मुलांमध्ये किमान ६ लक्षणे ६ महिने टिकावी लागतात. काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. ती घर, शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे रोजच्या व्यवहारात अडथळा यावा लागतो. केवळ गणिताच्या तासाला दिसणारी चुळबुळ या निकषांत बसत नाही.

मग शिक्षकाने काय करावे? प्रयोगशाळेतला साधा नियम वापरावा: एका वेळी एकच घटक बदलावा. बाक, वेळ, शिक्षक तेच ठेवून फक्त काम बदला. दहा भागाकारांऐवजी एकच प्रश्न द्या: '१ ते १०० मध्ये सर्वांत जास्त विभाजक असलेल्या संख्या शोध.' (उत्तर: ६०, ७२, ८४, ९० आणि ९६, प्रत्येकीला १२ विभाजक.) कंटाळलेला मुलगा बहुधा त्यात गढून जातो आणि शेवटपर्यंत जातो. अवधानदोष असलेला मुलगाही उत्साहाने सुरुवात करील, कारण नावीन्य त्यालाही खेचते. पण मध्येच धागा सुटतो आणि केलेला कागदही हरवतो. म्हणून एका तासावरून निष्कर्ष काढू नये. दोनतीन आठवडे असे प्रश्न देऊन नोंद ठेवावी: कोणता तास, कोणते काम, किती वेळ लक्ष टिकले, पुरे झाले का. घरी काय दिसते, हे पालकांना विचारावे.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. 'व्हिडिओ गेम तासभर खेळतो, म्हणजे अवधानदोष नाही' हे चूक आहे. क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या खेळात अशी मुलेही रमतात. 'मार्क चांगले आहेत, म्हणजे दोष नाही' हेही चूक. बुद्धीच्या जोरावर काही मुले अडचण बरीच वर्षे झाकतात. विशेषतः शांत बसून हरवणाऱ्या मुली नजरेतून सुटतात. बुद्धिमत्ता आणि अवधानदोष एकत्र असू शकतात. तिसरी गोष्ट वयाची. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६ ते १२ वर्षांच्या ९ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे ३१ डिसेंबर ही वर्गप्रवेशासाठी वयाची सीमा आहे. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये हे निदान ३० टक्क्यांनी, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी अधिक आढळले. लहान असणे हाच काहींचा 'दोष' ठरला असावा! तेव्हा हजेरीपटावरील जन्मतारीख आधी पाहावी.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. अपुरी झोप, कमी दिसणे किंवा ऐकू येणे, काही सेकंद भान हरपणारी अपस्मार ही कारणेही डॉक्टरांनी तपासावी लागतात. परंतु मुलाला डॉक्टरांकडे पाठवताना 'फार चंचल आहे' या शब्दांपेक्षा तीन आठवड्यांच्या नोंदींचा कागद कितीतरी उपयोगी पडतो. आणि नोंदींतून कंटाळाच दिसला, तर औषध शिक्षकाच्याच हाती आहे: त्याला आणखी दहा भागाकार न देता एक अवघड प्रश्न द्यावा.